रणवरे बाईंचं गरगरं

श्रीमती सुलभा रणवरे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझा धंदा ऐकण्याचा आहे, लिहिण्याचा नाही. बारामतीत माझा एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळांची गाणी, लग्नाच्या चित्रफितींचे आवाज, निवडणुकीतल्या प्रचाराच्या जाहिराती, हे माझे रोजचे काम. पण बाईंच्या संगीताचा पहिला सूर यंत्रात टिपला तो मी, आणि तो पुसून टाकला तोही मीच. ही हकिकत दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी, म्हणून अखेर हो म्हटले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. सणसरहून एसटीने आलेल्या एक बाई स्टुडिओचा जिना सावकाश चढून वर आल्या. हातात गोधडीत गुंडाळलेले काहीतरी होते. मला वाटले, हार्मोनियम असेल. गोधडी सोडली तर आत एक लांबट लाकडी पेटी. एका टोकाला फिरवायचा दांडा, दुसऱ्या टोकाला खुंट्या, मधे छोट्या लाकडी पट्ट्यांची रांग. त्यांनी सांगितले, हिला हर्डी-गर्डी म्हणतात, युरोपातले जुने वाद्य आहे. पेटी मांडीवर घेऊन उजव्या हाताने दांडा फिरवायचा. आत राळ लावलेले लाकडी चाक असते, ते फिरताना तारांना घासते. व्हायोलिनचा गज करतो तेच काम हे चाक करते, फक्त ते थांबत नाही. एका तारेवर डाव्या हाताच्या पट्ट्यांनी सूर वाजवायचे, बाकीच्या तारा तंबोऱ्यासारख्या मागे धरून राहतात.

बाईंनी त्या दिवशी आपल्या स्वतःच्या तीन रचना वाजवल्या. आवाज मला आवडला, पण हेडफोनमध्ये मधूनमधून कागद फडफडल्यासारखी खरखर येत होती. कुठेतरी सांधा सैल असणार असे मी धरून चाललो. वयस्कर बाई एवढ्या लांबून आल्या आहेत, त्यांच्या वाद्याला नाव कशाला ठेवायचे, म्हणून बोललो नाही. दुसरा अख्खा दिवस संगणकापुढे बसून ती खरखर कणाकणाने काढली आणि त्याच फाइलवर सेव्ह केले.

आठवड्याने बाई ऐकायला आल्या. तिन्ही रचना डोळे मिटून ऐकल्या.

"अंकुशराव, ह्यातला ताल कुठं गेला?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "खरखर होती बाई, ती काढली. आता बघा कसं स्वच्छ वाटतंय."

बाईंनी पुन्हा गोधडी सोडली, पेटी मांडीवर घेतली, मला जवळ बोलावले आणि एका तारेखालची, तिला टेकू देणारी बोटाच्या पेराएवढी लाकडी घोडी दाखवली. ती एका बाजूने मोकळी होती. दांडा सरळ फिरवला तर ती गप्प. मनगटाला हलका झटका दिला की ती खालच्या फळीवर थरारायची. एका फेऱ्यात चार झटके, चार ठोके.

"हिला मुद्दाम सैल ठेवलीय. हाच माझा तबला," बाई म्हणाल्या.

मूळ फाइल उरली नाही, हे मला सांगावेच लागले. ऐकून घेतील, उठून जातील, गावभर सांगतील, असे सगळे मनात येऊन गेले. बाईंनी पदराने चाकावरची राळेची भुकटी पुसली आणि म्हणाल्या, "मग परत वाजवते. तुम्ही तुमच्या यंत्राकडं जा." पुढे कळले की त्या तीन रचनांवर त्यांनी दीड वर्ष घालवले होते. त्या दिवशी त्यांची एसटी चुकली, म्हणून मी त्यांना गाडीने सणसरला पोहोचवले. वाटेत त्यांनी माझी चौकशी केली, घरी कोण कोण, मुली काय शिकतात. झाल्या चुकीचा शब्द नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

या वाद्यापर्यंत बाई कशा आल्या, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही नीट ठाऊक नसेल. वालचंदनगरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे संगीत शिकवले. त्यांचे स्वतःचे वाद्य व्हायोलिन. निवृत्तीच्या वर्षीच कालव्याच्या रस्त्यावर त्यांची लुना घसरली आणि उजवा खांदा निखळला. खांदा बसला, पण हात छातीच्या वर जाईना. गज धरता येईना. दोन वर्षे व्हायोलिन कपाटात राहिले. त्या काळात रेडिओवर व्हायोलिन लागले तरी बाई उठून स्वयंपाकघरात जात, असे त्यांच्या भाचीने मला सांगितले. याच भाचीने एकदा मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातली एक म्हातारी अंगणात बसून चाक फिरवत होती. बाईंनी सूर नंतर ऐकले, आधी त्या म्हातारीचा खांदा पाहिला. तो हलत नव्हता. नुसते कोपर आणि मनगट फिरत होते.

वाद्य घडवले ते महादेवआबांनी. आबा वालचंदनगरच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना तयार करावा लागतो, ते त्यांचे काम. त्यांची नात बाईंची विद्यार्थिनी. बाई चित्रे आणि मापे घेऊन त्यांच्याकडे गेल्या. पहिले चाक पावसाळ्यात फुगले, दुसरे उन्हाळ्यात तडकले. तिसऱ्या वेळी आबांनी सागाचे लहान तुकडे एकाआड एक चिकटवून चाक बांधले आणि लेथवर उतरवले. ते दाखवताना आबा म्हणाले होते, "केसाइतकं जरी वाकडं ऱ्हायलं तरी वाजताना उचकी लागंल, बाई. आता न्हाय लागायची." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाले. ते चाक आजही तेच आहे. तारा जिथे चाकाला टेकतात तिथे कापसाचा पातळ थर गुंडाळावा लागतो. देवापुढच्या वातींसाठी ठेवलेला कापूस त्याला सगळ्यात चांगला, हा शोध बाईंचा.

गज उचलण्यातून बाई सुटल्या, पण नव्या अडचणी पुढे होत्या. व्हायोलिनवर सूर एकातून दुसऱ्यात वाहत नेता येतो, तसा पट्ट्यांवर नेता येत नाही. मागच्या तारा सा आणि पंचमावर कायम बोलत राहतात, त्यामुळे पंचम नसलेले राग वाजवायचे तर एक तार बाजूला करावी लागते. येईल ते राग वाजवून बाई मोकळ्या झाल्या असत्या, तर कुणी काही म्हटले नसते. त्यांनी या वाद्यासाठी वेगळे संगीतच लिहायला घेतले. त्यांच्या रचनांची नावे आपल्या रोजच्या जगण्यातली आहेत. 'पाळी', उसाचे 'पाचट', कारखान्याचा 'भोंगा', 'शेवटची खेप'.

एका सांस्कृतिक मंडळाने त्यांना माळेगावला बोलावले होते. संयोजकांचा आग्रह होता की लोकांच्या ओठांवरचे एखादे गाणे वाजवा, लोक मोबाइलवर टिपतील, नाव होईल. बाईंनी हात जोडून नकार दिला. त्या गाण्यांना वाद्ये पुष्कळ आहेत, ह्या वाद्याला आपल्याकडे स्वतःचे गाणे नाही, ते आधी करू द्या, असे त्यांचे म्हणणे होते. संयोजकांनी मग त्यांना पुन्हा बोलावले नाही. बाईंनी त्यावर एकदाही तक्रार केली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सणसरच्या देवळाच्या सभामंडपात त्यांनी 'पाळी' पहिल्यांदा लोकांपुढे वाजवली. नाव सांगितले नव्हते. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसत्या मागच्या तारा. मग खालचा एक सूर, थांबून दुसरा, मग दोन सूर एकमेकांना लागून, आणि हळूहळू त्या सैल घोडीचा ठोका. लोक चुळबुळ करायला लागले होते. पुढे बसलेले एक आजोबा, गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, ते वाजवणे चालू असतानाच शेजाऱ्याला म्हणाले, "ह्येच्यात पाणी सुटलंया." मी मायक्रोफोनपाशी होतो, मला ते स्पष्ट ऐकू आले. कोरड्या चारीत कालव्याचे पाणी जसे आधी माती भिजवत, अडखळत येते आणि मग वेग धरते, तेच त्या रचनेत आहे; कालव्याच्या पाण्याची पाळी, म्हणून ते नाव. कार्यक्रम संपल्यावर तात्या बाईंजवळ आले आणि विचारले, "ह्या गरगऱ्याचं नाव काय म्हणायचं?" बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तेच." तेव्हापासून आमच्या भागात हर्डी-गर्डी कुणी म्हणत नाही. बाईंचं गरगरं, एवढेच.

बाईंनी मला काय दिले, त्याचीही नोंद इथे करतो. मी दहावीनंतर शाळा सोडली. सूर बरोबर की चूक हे मला कळायचे, पण कुठला सूर हे सांगता यायचे नाही, आणि गायक-वादकांसमोर मी ते लपवत असे. बाईंनी ते पहिल्या महिन्यातच ओळखले असणार. एके दिवशी त्यांनी आपली स्वरलिपीची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, मी वाजवताना चुकले तर मला कोण सांगणार, तुम्ही हे वाचायला शिकलात तर माझी सोय होईल. त्यांची सोय म्हणून मी चाळिशी ओलांडल्यावर स्वरलिपी शिकलो. चूक झाली की त्या म्हणत, "तुमचे कान शिकलेले आहेत, अंकुशराव. फक्त नावं ठाऊक नाहीत त्यांना." आज कुठल्याही गवयासमोर मी मान वर करून बसतो.

आता तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याबद्दल. बाईंची परवानगी घेऊन लिहितो आहे.

त्या जानेवारीत बाई आल्या आणि म्हणाल्या की आतापर्यंतच्या चौदाही रचना दोन महिन्यांत रेकॉर्ड करायच्या. एरवी एका रचनेच्या रेकॉर्डिंगला त्या चार-चार महिने लावत. कारण विचारले तर म्हणाल्या, वय झाले. बारामतीत गळीत हंगामामुळे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून दिवसभर धावत होते, म्हणून मी यंत्रे घेऊन सणसरला जायचे ठरले. तिथे विहिरींवरच्या मोटारींचा आवाज. शेतीची वीज गेली की मोटारी बंद पडायच्या आणि शिवार एकदम शांत व्हायचे. मग आम्ही बॅटरीवर रेकॉर्डिंग करायचो. वीज गेली म्हणून आनंद झालेली आमच्या तालुक्यातली माणसे आम्ही दोघेच असू.

तिसऱ्या दिवशी हेडफोनमध्ये मला ते ऐकू आले. मागच्या तारांचा सूर सरळ राहत नव्हता, त्यात बारीक लाटा येत होत्या. चाक समान फिरत नव्हते. आबांचे चाक वाकडे होणार नाही हे मला माहीत होते. मी हेडफोन काढले आणि बाईंच्या उजव्या हाताकडे पाहिले. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"कधीपासून?" मी विचारले.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "थोरल्या भावाला असाच सुरू झाला होता. कंपवात. पाच वर्षांत त्याला घास भरवायला लागायचा. कुणाला बोलू नका. हात आहे तोवर एवढं उरकू."

मी डॉक्टरांचे नाव काढले, त्यांनी ते ऐकून घेतले नाही. आजाराचे नाव कळले की तो घरात राहायला येतो, भावाच्या वेळी पाहिले आहे, असे त्या म्हणाल्या. मी बायकोलाही काही सांगितले नाही. रोज सणसरला जायचो, टेक घ्यायचो, परत यायचो. गाडीत एकटा असताना मात्र भरून यायचे. खांदा गेल्यावर या बाईंनी पुन्हा सूर मिळवला होता, आणि आता तोही जाणार होता. चौदावी रचना राहिली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना अट घातली. ही झाली की पुण्याला यायचे, नाहीतर मी आज यंत्र लावणार नाही. त्यांनी पेटी मांडीवर ओढली. मग म्हणाल्या, "लावा."

पुण्याच्या डॉक्टर बाई मेंदूविकारतज्ज्ञ होत्या, वयाने आमच्या मुलींएवढ्या. त्यांनी बाईंना व्हरांड्यात चालायला लावले, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावले, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. मग विचारले, थरथर दिवसभर सारखी असते का? बाई म्हणाल्या, लक्ष नाही दिले. माझ्या पिशवीत टेकची वही होती. प्रत्येक टेकची वेळ आणि काय बिघडले ते मी त्यात लिहितो. बाईंना त्या हिवाळ्यात दम्याचा त्रास वाढला होता आणि त्या तोंडात मारायचा पंप सारखा घेत. एकदा त्याचा फुस्स आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला, तेव्हापासून पंप घेतला की मी थांबायचो आणि तसे लिहायचो. डॉक्टरांना मी ते वाचून दाखवले. सकाळी नऊ चाळीस, पंप, मग हात हलतो, टेक रद्द. दुपारी सव्वातीन, हात ठीक. चार वाजता पंप, हात हलतो. पाने उलटत गेलो तसे माझे मलाच ऐकू यायला लागले.

डॉक्टरांनी विचारले, पंप दिवसातून किती वेळा? धाप लागली की, असे बाई म्हणाल्या. नेमके किती, असे पुन्हा विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजले. आठ, कधी नऊ.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "आजी, कंपवाताची लक्षणं मला तुमच्यात दिसत नाहीत. हा पंप इतक्या वेळा घेतला की हात थरथरतोच. दम्यावर रोजचं वेगळं औषध सुरू करायला लागेल, छातीच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते. महिन्यानं परत या, तेव्हा पक्कं सांगते."

परतीच्या वाटेवर दिवे घाट चढलो. सासवडच्या पुढे चहाला थांबलो. त्यांनी भजी मागवली, ती संपवली आणि दुसरी प्लेट मागवली. इतक्या वर्षांत त्यांना कशालाही दुसऱ्यांदा हात पुढे करताना मी पाहिले नव्हते.

"अंकुशराव," त्या म्हणाल्या, "आपण फार घाई केली. चौदाच्या चौदा परत कराव्या लागतील."

मी हात धुवायला म्हणून नळावर गेलो आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

औषध बदलले, थंडी सरली, महिन्याभरात हात थांबला. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी पक्के सांगितले आणि बाईंनी त्यांना गरगऱ्याचे एक रेकॉर्डिंग भेट दिले. मग आम्ही खरोखरच पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती. एका रचनेला हवे तेवढे दिवस, मधे चहा, मधे आबांच्या फेऱ्या, मधे भाचीच्या हातची थालीपिठे. तेरा रचना नव्याने झाल्या. 'शेवटची खेप' मात्र त्यांनी बदलू दिली नाही. त्या लाटा, तो हलणारा सूर तसाच ठेवायला लावला. मी कारण विचारले. "ते भिऊन वाजवलंय," बाई म्हणाल्या, "पण खोटं नाही वाजवलं." सैल घोडीचा ठोका पुसण्याची चूक मी एकदा केली होती, आता एका सुरालाही हात लावला नाही. हा संग्रह गेल्या वर्षी इंटरनेटवर आला. परदेशातल्या एका वाद्य घडवणाऱ्याने पत्र पाठवून चाक कसे बांधले ते विचारले. आबांनी उत्तर मराठीतच सांगितले, भाचीने ते इंग्रजीत लिहिले.

तीस वर्षे शिकवलेल्या शिक्षिका म्हणून बाईंचा गौरव करणारे पुष्कळ जण या ग्रंथात आहेत आणि तो त्यांचा हक्कच आहे. मी बाईंना ओळखतो ते निवृत्तीनंतरच्या. एका हाताने वाट अडवली तेव्हा दुसरी वाट शोधणाऱ्या, दुसऱ्याची चूक त्याच्या अंगावर न टाकणाऱ्या, आणि भीती वाटत असतानाही काम नीटच झाले पाहिजे असे मानणाऱ्या. त्यांच्या सहवासात बारा वर्षे काढता आली, हे माझे भाग्य.

सध्या महादेवआबा दुसरे गरगरे घडवत आहेत. बाईंच्या मनात दोन गरगऱ्यांसाठी एक मोठी रचना आहे. ती पुरी व्हायला, त्यांच्या हिशेबाने, निदान दहा वर्षे लागतील. मी म्हटले, बाई, तेव्हा तुम्ही पंचाऐंशीच्या असाल. त्या म्हणाल्या, "असेन की."

सत्काराच्या दिवशी भाषण करणार नाही, त्याऐवजी या रचनेचा पहिला भाग वाजवणार, असे बाईंनी समितीला कळवले आहे. मी तो त्याच वेळी रेकॉर्ड करणार असल्याने मंडपातले सगळे पंखे वीस मिनिटे बंद राहतील. उकडेल, त्याबद्दल आपणां सर्वांची आधीच क्षमा मागतो. तेवढा वेळ शांत बसून आपण सगळ्यांनी मनातल्या मनात एकच मागणे मागू या. बाईंचा श्वास मोकळा राहो, प्रकृती ठणठणीत राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि ही रचना त्यांच्या मनाजोगती पुरी व्हायला दहाची पंधरा वर्षे लागली, तरी आम्हा कुणाची काही हरकत नाही.